हरितगृहाची किल्ली कोणाकडे?

प्रति,
गोव्यातील विद्यापीठ व महाविद्यालयांचे प्रशासन,
वनस्पतिशास्त्र विभाग आणि इमारत-देखभाल विभाग यांस

सप्रेम नमस्कार.

आवारातले हरितगृह विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना आणि स्वयंसेवकांना खुले करावे का, हा विषय बैठकीत निघाला की पहिली हरकत ठरलेली असते: लोक येतील, हात लावतील, झाडे खराब होतील. त्या हरकतीला उत्तर म्हणून हे पत्र. गोव्यातल्या हरितगृहात गर्दीने मेलेले झाड क्वचितच सापडते. कुलपाने मेलेली मात्र ट्रे भरभरून सापडतात. शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक आणि झाडांचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहा. मे महिन्यात सुट्टी, आणि पडदे खाली राहिलेल्या पॉलिहाऊसमध्ये (प्लास्टिक फिल्मच्या हरितगृहात) दुपारी पारा चाळिशीपार. गणेश चवथीला सगळे आपापल्या गावी, आणि नेमकी तेव्हाच पाने रात्रंदिवस ओली. नाताळात पुन्हा कुलूप, तर बाहेर कोरडी हवा. छोट्या खळग्यांच्या ट्रेमधली रोपे दीड दिवसात माना टाकतात. नुसते शनिवार-रविवारच वर्षाला 104 होतात. इतके दिवस झाडे बघायला कोणी नसते, म्हणून ती जातात.

तेव्हा मूळ प्रश्न किल्लीचा आहे. किल्ली तीन ठिकाणी हवी: माळ्याकडे, विभागात, आणि फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे, सहीच्या वहीसकट. सुट्टीच्या प्रत्येक दिवशी कोण येणार याचा तक्ता महिनाभर आधी दारावर लागलेला हवा. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेपाच अशा दोन पाळ्या धरल्या, तर आठवड्याच्या 14 होतात. एकाने आठवड्यातून एकच पाळी घ्यायची तर 14 माणसे; परीक्षा, ताप, लग्नकार्य आणि गावची जत्रा धरून 20 लागतात. एवढी माणसे मिळतात. निवृत्त शिक्षक आहेत, कुळागर (सुपारी-नारळाची बागायत) सांभाळलेले लोक आहेत, परसात ऑर्किडे वाढवणाऱ्या गृहिणी आहेत. अडते ते त्यांना सुट्टीच्या दिवशी आत सोडणाऱ्या एका कागदावर.

स्वयंसेवक मिळाले म्हणून माळ्याची जागा भरायची नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पूर्णवेळ, कायम माळी हवाच. कोणत्या टेबलावर पाणी साचते, कोणता वॉल्व्ह उलटा फिरतो, हे कळायला एक पावसाळा जातो. कंत्राट अकरा महिन्यांनी बदलले की ते ज्ञान माणसाबरोबर फाटकाबाहेर जाते.

आता वास्तूबद्दल. थंड देशात हरितगृह ऊब धरण्यासाठी बांधतात. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. इथे हरितगृहाचे काम पाऊस बाहेर ठेवणे आणि वारा आरपार जाऊ देणे एवढेच. तरीही निविदेत ‘फॅन-पॅड’ घुसतोच. एका भिंतीतल्या ओल्या पॅडमधून समोरच्या भिंतीतले पंखे हवा ओढतात आणि ती गार होते, अशी ही व्यवस्था. पण तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळल्यावर जो आकडा दिसतो, त्याच्या खाली ती हवा जाऊच शकत नाही. जानेवारीच्या दुपारी बाहेर 33 अंश आणि आर्द्रता 45 टक्के असेल तर हा आकडा 23-24 च्या घरात असतो. पॅडमधून 25-26 अंशांची हवा येते, फायदा होतो. जुलैत 30 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असताना तोच आकडा 28 च्या वर. म्हणजे दिवसभर वीज जाळून एखादा अंश उतरतो आणि बदल्यात आत आणखी ओल भरते. तो पैसा उंचीत आणि खिडक्यांत घालावा. माथा जमिनीपासून साडेपाच-सहा मीटर उंच. बाजूच्या आणि माथ्याच्या उघड्या जागा मिळून जमिनीच्या क्षेत्रफळाच्या 30 टक्क्यांहून कमी नकोत. आणि माथ्याच्या खिडकीचे तोंड पूर्वेकडे हवे. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. तोंड तिकडे ठेवले की पहिल्याच झोडपणीत आतले प्रत्येक टेबल भिजते. नकाशा दुसऱ्या राज्यातून जसाच्या तसा उचलला की ही चूक हमखास होते.

खिडक्यांना 40 मेशची, म्हणजे इंचात 40 भोकांची, कीटकजाळी लावतात. तिने किडे अडतात तसा वाराही अडतो. त्यात आपली तांबडी धूळ बसली की जाळीची भिंत होते. नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी आतून बाहेर पाण्याचा फवारा मारून ती धुवायची. बाहेरून मारला तर धूळ भोकांतच रुतून बसते.

छताची फिल्म 200 मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी घेतात. ती फाटते ती पत्र्यावर किंवा पाइपला जिथे टेकते तिथे, कारण उन्हात पाइप तापतो. टेकणारा प्रत्येक भाग पांढऱ्या रंगाने रंगवावा. गंधकाचे फवारे आणि धुरी आत टाळावी, गंधकाने फिल्म लवकर ठिसूळ होते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणखी एक गोष्ट आधी जाते: अॅल्युमिनियमच्या पट्टीत फिल्म दाबून धरणारी झिगझॅग स्प्रिंग. ती गंजून तुटते, तेवढ्या हातभर जागेत फिल्म सैल होते, वाऱ्यात फडफडते आणि एका रात्रीत टोकापर्यंत फाटते. प्लास्टिकचा लेप असलेली स्प्रिंग घ्यावी आणि मेच्या पहिल्या आठवड्यात शिडी लावून प्रत्येक पट्टी बोटाने चाचपावी. 2021 च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, ते मान्सून यायच्या आधीच. तयारीसाठी मेअखेर ही तारीख उशिराची आहे, हे तेव्हाच कळायला हवे होते. वादळाची सूचना आली की वाऱ्याच्या बाजूचे पडदे पूर्ण खाली घेऊन बांधायचे, शेडनेट उतरवायची, टांगलेल्या कुंड्या जमिनीवर ठेवायच्या. पडदे अर्धवट ठेवणे सगळ्यांत वाईट. वारा आत शिरतो, बाहेर पडायला वाट नसते आणि छत उचलले जाते.

शेडनेटविषयी एकच म्हणणे: ती सरकती हवी. ऑक्टोबर ते मे 50 टक्क्यांची सावली लागते, पण जूनच्या ढगांखाली तीच नेट पसरून ठेवली की रोपे लांबट, फिकी आणि लुळी होतात. मग त्यांना खत घातले जाते. दोष उजेडाचा असताना खत घातल्याने ती आणखी लुळी होतात.

पन्हळीचा हिशेब साधा आहे, तरी तो कोणी करत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 200 चौरस मीटर छतावर तासाला 50 मिलिमीटरची सर आली की तासाभरात 10,000 लिटर पाणी पन्हळीतून जायला हवे. सुरूची पाने अडकून पाइपचे तोंड बंद झाले असेल, तर ते सगळे आत. उलट तेच पाणी टाकीत घेतले, तर वर्षाला कागदोपत्री सहा लाख लिटर होते. सगळे साठवणे शक्य नाही, पण 10,000 लिटरची एक टाकी तरी असावी. कारण विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतून येते आणि बऱ्याच ठिकाणी त्यात लोह असते. वर आले की हवा लागून ते तांबूस गाळ होते आणि फॉगरच्या (धुके फवारणाऱ्या नोझलच्या) भोकात बसते. उपाय महाग नाही. पाणी उंचावरून टाकीत पडू द्यायचे म्हणजे हवा मिसळते, 24 तास निवळू द्यायचे, तळापासून वीतभर वरून उपसायचे, पुढे 120 मेशचा डिस्क फिल्टर. नोझल महिन्यातून एकदा काढून रात्रभर सायट्रिक आम्लाच्या पाण्यात बुडवायचे. टाचणीने भोक कोरू नये. भोक मोठे होते आणि धुक्याऐवजी धार पडते.

ओल्या इमारतीत वीज असते हे देखभाल विभागाला सांगायची गरज नसावी, पण जमिनीवर पसरलेले एक्स्टेन्शन बोर्ड पाहिले की ती भासते. 30 मिलिअँपियरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), पाणी न शिरणारी स्विचपेटी छातीच्या उंचीवर, आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबल्याची नोंद. लोकांसाठी दार उघडायच्या आधी हे काम झालेच पाहिजे. इथे तडजोड नको.

रोग आणि किडी असे झाडांचे शत्रू पुष्कळ आहेत, पण पावसाळ्यात मुख्य एकच: पानावर रात्रभर टिकणारे पाणी. म्हणून जून ते सप्टेंबर पाणी फक्त सकाळी, नऊच्या आत. कुंडी उचलून पाहायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर नाही. नव्या स्वयंसेवकाच्या हाताने झाडे मरतात ती पाणी न मिळाल्याने नव्हे, फार मिळाल्याने. सकाळच्याने घातले, दुपारच्या विद्यार्थ्याने घातले, संध्याकाळी पाहुण्या प्राध्यापकांनी प्रेमाने घातले. त्यासाठी नियम असा: एका दिवशी पाणी घालणारा माणूस एकच. त्याचे नाव दाराजवळच्या फळ्यावर. बाकीच्यांनी झारीला हात लावायचा नाही.

बी रुजल्यावर रोप जमिनीलगत मऊ पडून आडवे होते, त्याला आपण कोलमडणे म्हणतो. कारण बहुतेक वेळा माध्यमातच, म्हणजे कुंडीतल्या मिश्रणातच, असते. कोकोपीट उन्हाळ्यात देवासारखे धावून येते आणि जुलैत तेच स्पंजासारखे पाणी धरून बसते. पावसाळी मिश्रणात कोकोपीट एक भाग, नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे एक भाग आणि चाळलेली बारीक चिऱ्याची खडी एक भाग घ्यावी. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर साधारण 60 ते 75 लिटर होते. ती वापरण्यापूर्वी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळावी, कारण त्यात मीठ असते. पिळलेल्या पाण्याची विद्युतवाहकता 1 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली येईपर्यंत धुवायची. मीटर नसेल तर रसायनशास्त्र विभागात आहे, मागून आणा. किनाऱ्यावरची वाळू कितीही धुतली तरी वापरू नये.

सुपारीवरच्या कोळेरोगामुळे बोर्डो मिश्रण गोव्यात घरोघरी माहीत आहे, आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखे पहिले औषध तेच. एक टक्क्याच्या 10 लिटर मिश्रणाला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम ताजा कळीचा चुना. मोरचूद पाच लिटर पाण्यात, चुना दुसऱ्या पाच लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात धार धरून ओतायचे आणि लाकडी काठीने ढवळत राहायचे. मग घासलेली लोखंडी सुरी एक मिनिट बुडवून बाहेर काढायची. पात्यावर तांबूस लेप दिसला तर आणखी चुना हवा. तसेच फवारले तर पाने करपतात. लेप नसेल तर मिश्रण बरोबर. ते त्याच दिवशी संपवायचे, दुसऱ्या दिवशी साका खाली बसतो आणि उपयोग राहत नाही. फवारणी सोमवारी सकाळी, दारावर लाल पाटी, आणि लोकांना प्रवेश शनिवारी. कोणतेही औषध असो, डब्यावर लिहिलेल्या मुदतीआधी कोणाला आत घ्यायचे नाही.

पावसाळ्यातल्या आफ्रिकी गोगलगाई एका रात्रीत वाफा साफ करतात. त्यांच्यावर मीठ टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की मीठ गोगलगाईबरोबर कुंडीही मारते. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून खाली पपईची पाने ठेवायची, सकाळी गोणपाट उलटून जमलेल्या गोगलगाई साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे घालूनच, कारण त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. गमबूटही हवेत. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाला चीर असेल तर लेप्टोची भीती. कुंड्यांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने वाजवावे. खाली फुरसेही बसलेले असू शकते.

डासांचा मुद्दा प्रशासनाच्या जिव्हाळ्याचा, कारण त्यावरून नोटीस येते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून दर शनिवारी सगळ्या थाळ्या, टाकून दिलेले ट्रे आणि झाऱ्या उलट्या करायच्या; टाकीच्या झाकणाला आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी; कमळाच्या टबात गप्पी मासे. हे काम पाहुण्यांसमोर करावे. घरी जाऊन तेही करतील.

पाहुण्यांसाठी सर्वांत अडचणीची जागा म्हणजे दोन दारांमधली. एक दार बंद झाल्यावर दुसरे उघडायचे, म्हणजे किडे आत शिरत नाहीत, ही कल्पना चांगली आहे. पण ती जागा बहुधा एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद बांधतात, आणि शाळेची चाळीस मुले आली की दोन्ही दारे विटा लावून उघडी ठेवली जातात. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा असेल तर सात-आठ मुले एका वेळी मावतात. आत एका वेळी 15 जण आणि दोन स्वयंसेवक, त्याहून जास्त नाही. उरलेल्या मुलांना बाहेर पन्हळीची टाकी आणि कुंड्या भरायचे टेबल दाखवायचे. त्यांना मातीत हात घालायला मिळाला की आतली ओढ आपोआप कमी होते. वाट 1.2 मीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची सहज जाते. वळायला एका टोकाला दीड मीटरची मोकळी जागा. उतार बारास एक. टेबले 75 सेंटिमीटर उंच. वाटेवर गुळगुळीत फरशी कोणाच्याही आग्रहाने बसवू नये. शेवाळ धरते आणि पाहुण्याचा पाय मोडतो. खरबरीत सिमेंट करावे, पंधरवड्यातून एकदा ब्लीचिंगच्या पाण्याने ताठ ब्रश मारावा आणि ते पाणी गटारात जाईल असा उतार ठेवावा. वेळ सकाळी आठ ते अकरा, मे महिन्यात साडेदहापर्यंतच.

मग पाहुण्यांना दाखवायचे काय? बाजारातले अँथुरियम आणि निवडुंग बघायला कोणी विद्यापीठात का यावे? आपल्या चिऱ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवर, ऑगस्ट-सप्टेंबरात दवबिंदू, सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. दवबिंदूचे पान डास-चिलटे पकडताना भिंगातून पाहिलेले मूल ते जन्मात विसरत नाही. ही झाडे निकृष्ट मातीत आणि शुद्ध पाण्यात वाढतात. नळाच्या पाण्यातले क्षार त्यांना सोसत नाहीत, खताने तर ती मरतातच. पन्हळीच्या टाकीतले पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवावे. सीतेची वेणी हे ऑर्किड मातीच्या कुंडीत कुजते; ती आंब्याच्या खरखरीत सालीवर काथ्याने बांधावी, मुळे उघडी ठेवून. सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची झाडे चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभी आहेत. त्यांचे बी फार दिवस टिकत नाही, पडले की लगेच लावावे लागते. अशी दहा रोपे पाणथळ टबात असली तर पश्चिम घाट म्हणजे काय हे फलकावर लिहावे लागणार नाही.

मात्र ही झाडे मिळवायची कशी, यावर कडक राहावे लागेल. अभयारण्यातून परवान्याशिवाय काहीही उचलता येत नाही, आणि ‘जंगलात सापडले म्हणून तुमच्यासाठी आणले’ असे म्हणत ऑर्किडची जुडी घेऊन येणारा पाहुणा दर पावसाळ्यात असतोच. ती घेऊ नये. घेतली तर पुढच्या वर्षी तो दोन जुड्या आणतो. वनखात्याच्या लेखी परवानगीने पडलेल्या फांद्यांवरची रोपे उचलता येतात. तेवढीच वाट ठेवावी.

एक कोपरा माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळा-फुलांचा, असावा. कांगणी, कवंडळ, घागऱ्या, कळलावी, माट्टीची फळे यांची नावे आज शहरातल्या मुलांना चवथीच्या बाजारातल्या जुडीपलीकडे माहीत नाहीत, आणि ती ओळखणारे हात गावोगावच्या आज्यांचे आहेत. स्वयंसेवक म्हणून त्यांना बोलवा. पण हा कोपरा जाळीच्या बाहेर, मांडवावर. आत 40 मेशची जाळी आहे, म्हणजे मधमाशी येत नाही, पतंग येत नाही, फळ धरत नाही. कवंडळीचे फूल तर रात्री उमलते आणि नर-मादी वेल वेगळे असतात. एकच वेल लावून वर्षभर फळाची वाट पाहणे व्यर्थ. कळलावीचा कंद विषारी आहे. तो मुलांच्या हाताबाहेर, आणि तसे लिहून.

आणि कलमे. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर हाताने एकही कलम न बांधता बाहेर पडतो, ही गोष्ट मानकुराद आंब्याच्या गावात शोभत नाही. जुलै महिना कोय कलमाचा. ताजी कोय वाफ्यात लावायची. रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस, खोड कोवळे असतानाच ते घ्यायचे. मातृवृक्षावरची काडी तीन-चार महिन्यांची, दहा-पंधरा सेंटिमीटर, रोपाच्या जाडीची, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापून टाकायची म्हणजे डोळ्यात रस चढतो. रोपाचा शेंडा कोयीच्या वर सहा-आठ सेंटिमीटरवर कापायचा, मध्ये चार सेंटिमीटर चीर द्यायची, काडीला तेवढीच पाचर करायची, बसवायची आणि दोन सेंटिमीटर रुंद प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधायचे. वरून लांबट पिशवीची टोपी. चाकूचा एकेक छेद एकाच ओढीत झाला पाहिजे. करवतीसारखा मागे-पुढे केला की पृष्ठभाग उंचसखल होतो, मध्ये हवा राहते आणि चार दिवसांत सांधा काळा पडतो. जाडी जुळली नाही तर मधोमध बसवू नये. एका बाजूची साल सालीला लावावी, ती एक बाजू जुळली तरी कलम लागते. दहा कलमांनंतर पाते स्पिरिटने पुसायचे. पहिल्या खेपेला विद्यार्थ्यांची बहुतेक कलमे जातात. जाऊ द्यावीत, कोयी फुकट असतात.

भिरंडीचे (कोकमाचे) कलम यापुढचे. बियांच्या भिरंडीत निम्म्यापर्यंत झाडे नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात, म्हणून कलम. पण काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची घ्यायची. आडव्या फांदीची घेतली तर कलम जिवंत राहते आणि वर्षानुवर्षे आडवेच पसरते.

शेवटी कागद. प्रत्येक झाडाला एक क्रमांक: वर्ष, अनुक्रम, आणि एकाच बियाण्याची अनेक रोपे असतील तर अक्षर, जसे 2025-017-अ. वहीत त्या क्रमांकापुढे ते कुठून, कोणी, कधी, कोणत्या परवानगीने आणले. लेबल गेले की झाड जिवंत असूनही अभ्यासाला मेले. कायम टिकणारी म्हणून विकत मिळणारी मार्करची शाई गोव्याच्या उन्हात वर्षभरही तग धरत नाही. खरबरीत प्लास्टिकच्या पट्टीवर मऊ पेन्सिलने लिहिलेले कितीतरी जास्त टिकते. कायमच्या झाडांना अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून.

घरात मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो तसा हरितगृहाचाही भरायचा असतो. जून लागला की ना सामान वेळेवर येते, ना शिडीवर चढता येते. यंदाच्या यादीत एवढे धरावे: स्प्रिंग 50 मीटर, फिल्म चिकटवायची पट्टी दोन गुंडाळ्या, मोरचूद दोन किलो, चुना हवाबंद डब्यात, नोझल 20 जादा, पडद्याची दोरी, गमबुटांचे सहा जोड, हातमोजे, एक कमाल-किमान तापमापक रोपांच्या उंचीवर सावलीत टांगण्यासाठी, आणि किल्लीच्या दोन प्रती. मंजुरीची फाइल मार्चमध्ये फिरली तरच हे सगळे मेच्या सुरुवातीला हातात येते.

आपले,
हरितगृहात काम करणारे काही माळी व स्वयंसेवक

ता. क. सुरक्षारक्षकाकडच्या सहीच्या वहीबरोबर पेन्सिल दोरीने बांधून ठेवावी. पावसाळ्यात जेलपेनची शाई दमट कागदावर पसरते, आणि चवथीच्या आठवड्यात कोण येऊन गेले ते वाचता येत नाही.